दुकान बंद राहणार असल्याबाबत

॥ श्री ॥
धार, ता. ४ नोव्हेंबर १९९७

चि. जगदेवराव यास गोपाळरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे दिवाळीचे पत्र पोचले. चि. सौ. प्रेमलाने पाठवलेला अनारशांचा डबा तुझ्या बहिणीने दोन दिवस मला दिसू दिला नाही. भावाच्या घरचे म्हणून आधी एकटीने चाखले.

दरवर्षी तू मला टोचतोस, की दाजी, दुकान काय छातीशी बांधून वर नेणार आहात, एकदा नर्मदामाईची परिक्रमा करून या. तर यंदा ठरले. कार्तिकी पौर्णिमेला मी आणि इंदू ओंकारेश्वराहून पायी निघतो. परत यायला चैत्र संपत येईल. तोवर दुकानाला कुलूप. तसबिरींना चौकटी करण्याचे काम माझ्यामागे करणारे कोणी नाही, आणि मोना राजगढला आपल्या संसारात.

एक काम तुझ्याकडे. जावई नीलेशराव परवा आले होते. त्यांना म्हटले, जगदेवने एजंट म्हणून काढून दिलेल्या विम्याचा कागद इंग्रजीत आहे, अकरा वर्षे हप्ता भरतो आहे, आत काय आहे ते एकदा वाचून तरी सांगा. आग, वीज पडणे, दंगा, आग विझवताना बंबाच्या पाण्याने झालेली खराबी, हे सारे त्यात आहे. पण मागच्या पानावर बारीक अक्षरात असेही आहे की जागा सलग तीस दिवसांहून अधिक बंद राहिली तर विमा तिथेच थांबतो. आधी कळवून कंपनीची लेखी संमती घेतली असेल तरच पुढे चालतो. मी म्हटले, हे जगदेवने कधी सांगितले नाही. त्यावर इंदू म्हणाली की माझ्या भावाची इंग्रजी हाटपिपल्याच्या शाळेतली, ती मागच्या पानापर्यंत पोचत नाही. रागावू नकोस. थोरल्या बहिणीला एवढा हक्क असतोच.

सोबत कंपनीच्या नावाचा अर्ज आहे. तो तुमच्या देवासच्या ऑफिसात देऊन संमतीचा कागद घेऊन ठेव. तू आहेस म्हणून निर्धास्त निघतो आहे.

कळावे. आम्ही चालत असू तोवर आमच्यावरची माया चालती ठेव.

गोपाळराव


॥ श्री ॥
देवास, ता. ९ नोव्हेंबर १९९७

ती. दाजी व ती. सौ. ताई यांचे चरणी जगदेवचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र आणि अर्ज दोन्ही मिळाले. वाचून डोळे भरले. मी नुसता बोलत राहिलो, तुम्ही निघालात.

आमच्या घरची रीत ताईला ठाऊक आहे. तीर्थाला निघालेल्या माणसाचे पत्र आधी देवापुढे ठेवायचे. प्रेमलाने अर्जाला हळदकुंकू वाहिले आणि देव्हाऱ्यात ठेवला. उद्या सोमवारी ऑफिसात नेतो. तीस दिवसांचे ते कलम मला माहीत आहेच, तुम्हाला सांगायचे तेवढे राहून गेले. ताईला सांगा की हाटपिपल्याची शाळा इतकीही वाईट नव्हती.

दुकानाची काळजी माझ्यावर सोपवा. ताई, पायांना रोज तेल लावत जा. दाजी कंटाळा करतील, त्यांनाही दटावून लाव.

कळावे. माईच्या पाण्यात उभे राहाल तेव्हा या धाकट्याचे नाव ओठावर असू द्यावे.

आपला,
जगदेव


राजगढ, १२ जानेवारी १९९८

ती. मामा व मामींना मोनाचा नमस्कार.

मामा, माझी शिकाई सगळी हिंदीत झाली, तर चुका निघतील, माफ करा. पण ही गोष्ट फोनवर मला बोलता येईना.

शनिवारी दुपारी बाबांच्या दुकानाला आग लागली. शेजारच्या कपडे प्रेस करणाऱ्या भियांच्या मीटरमधून ठिणगी उडाली म्हणतात. आत सगळी लाकडाची पट्टी आणि प्लाय, एकदम भडकलं. बंब आला तोवर छप्पर बसलं होतं. काचेच्या ज्या पेट्या वाचल्या त्या लोकांनी गडबडीत उचलून नेल्या. आग विझवायला आलेलेच घेऊन गेले, मामा! आणि लोकांनी चौकटीसाठी दिलेले फोटो, ते तर सगळेच गेले.

आज कंपनीचे नुकसान बघणारे साहेब आले. चांगले होते बिचारे, पण सगळं लिहून घेत होते. म्हणाले की आगीत झालेली चोरी विम्यात येत नाही. लोकांचे फोटो पण येत नाहीत, कारण दुसऱ्याचा माल वेगळा लिहून दिला असेल तरच धरतात. मग विचारलं की दुकान कधीपासून बंद आहे. मी खरं सांगितलं, पौर्णिमेपासून. त्यांचं पेन थांबलं. मी म्हटलं, आमचे मामाच एजंट आहेत, त्यांनी अर्ज दिलेला आहे. ते म्हणाले, मग काहीच फिकीर नाही, संमतीचा कागद तेवढा आणा.

तो कागद लवकर पाठवा मामा. आणि बाबांना तुम्हीच कळवा. या महिन्याच्या वीसच्या आसपास ते नेमावरला धर्मशाळेत असतील. माझी हिम्मत नाही होत.

तुमची लाडकी आहे ना मी, मग जल्दी उत्तर द्या.

मोना


॥ श्री ॥
देवास, ता. १६ जानेवारी १९९८

ती. दाजी व ती. सौ. ताई यांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

बातमी वाईट आहे. गेल्या शनिवारी आपल्या दुकानाला आग लागली. शेजारच्या मीटरवरून लागली. माणसाला इजा झाली नाही, एवढी माईची कृपा. दुकानात मात्र काही उरले नाही.

विम्याच्या बाबतीत अडचण दिसते. दुकान तीस दिवसांवर बंद होते असे कंपनीचे म्हणणे पडेल. आपला अर्ज ऑफिसात सापडत नाही. एवढे मोठे दफ्तर, रोज शेकडो कागद येतात, कोणता कुठे जातो हे कोण सांगणार. पुढे काय होते ते कळवीन.

परिक्रमा अर्धी सोडू नये, असे मला वाटते. इथले आम्ही पाहू.

कळावे. या वेळी लोभापेक्षा धीर धरावा एवढेच मागतो.

जगदेव


॥ श्री ॥
नेमावर, ता. २२ जानेवारी १९९८

चि. जगदेवराव यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र धर्मशाळेत आधीच येऊन पडले होते. इंदूने वाचले आणि घाटाच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी उठली व म्हणाली, की आज वीस कोस चालल्यासारखे पाय दुखतात.

दुकान गेले. माईच्या मनात असेल तर पुन्हा उभे राहील. माझे हात शाबूत आहेत. परंतु लोकांच्या तसबिरी गेल्या, हे आवरत नाही. मी त्या विश्वासावर ठेवून घेतल्या होत्या.

आणि तुमच्या ऑफिसात कागद घेणाऱ्या कारकुनाला काय म्हणावे? माणूस घर सोडून पाच महिने अनवाणी चालायला निघतो, हाताने अर्ज लिहून देतो, आणि हा तो हरवतो. परिक्रमेत कोणाविषयी वाईट बोलू नये असा नेम आहे. तो माझ्याने राहिला नाही. आज स्नान करताना पाण्यात उभा राहून मी त्याला शिव्या दिल्या. नीलेशरावांना लिहिले आहे की इंदूरच्या वरच्या ऑफिसात तक्रार करा. असल्यांना धडा मिळाला पाहिजे.

एक विचारू? नेमावर तुमच्याच देवास जिल्ह्यात. सकाळच्या मोटारीत बसला असतास तर दुपारी आम्हाला भेटला असतास. इंदू दोन दिवस मोटारतळाकडे पाहत होती. कामात असशील.

पुढचे पत्र जबलपुरास, ग्वारीघाटच्या धर्मशाळेच्या पत्त्यावर लिही.

कळावे. बहिणीची वाट पाहण्याची सवय मोडू नये एवढी कृपा ठेव.

गोपाळराव


राजगढ, ६ फेब्रुवारी १९९८

ती. मामांना नमस्कार.

मामा, काम बनतंय! नीलेशनी तक्रार केली ना, तर इंदूरहून एक बडे साहेब तुमच्या ऑफिसात आले. जे येणारे कागद रजिस्टरात चढवतात ते संताजी म्हणून आहेत, त्यांना नोटीस मिळाली. आता फक्त तुमची लेखी साक्ष बाकी आहे, की तुम्ही नोव्हेंबरमध्ये अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला होता. नीलेश म्हणाले, ऑफिसची चूक सिद्ध झाली की कंपनीला विचार करावाच लागेल.

तुम्ही इतके दिवस लिहून का देत नाही? मामी फोनवर म्हणाल्या की तुम्ही जेवत पण नाही नीट. अहो, नुकसान आमचं झालं आणि उपास तुम्ही करता! तुमच्या शब्दाला सगळे मानतात. दोन ओळींचं तर काम आहे.

नाही लिहिलं तर तुमच्याशी कट्टी. लिहिलं तर दाल-बाफले खाऊ घालीन.

मोना


॥ श्री ॥
देवास, ता. १२ फेब्रुवारी १९९८

ती. दाजी व ती. सौ. ताई यांस,

नमस्कार लिहिण्याआधी लिहितो, की तुमचा अर्ज मी दिलाच नाही.

तो ऑफिसात हरवला नाही. ऑफिसात गेलाच नाही. तुमचे पत्र आले तेव्हापासून तो माझ्या देव्हाऱ्यात होता आणि रोज सकाळी पूजा करताना मी त्यावर फूल वाहत होतो. विसरलो, असे लिहिले असते तर ते तुम्ही मानले असते. पण रोज ज्यावर फूल ठेवतो ते माणूस कसे विसरेल?

त्या सोमवारी मी अर्ज खिशात घालून निघालो होतो. ऑफिसच्या पायरीवर विचार आला, साहेब विचारतील की हे कलम तुम्ही गिऱ्हाइकाला अकरा वर्षांत सांगितले नव्हते का. आणि मग विचारतील की आणखी कोणाकोणाला सांगितले नाही. लोहारद्याला एक कापसाचा कारखानदार आहे, तो वर्षातले पाच महिने कुलूप लावतो. त्याचाही विमा माझ्याकडून आहे आणि त्यालाही मी बोललेलो नाही. कारण मलाच माहीत नव्हते, दाजी. ताई थट्टेत म्हणाली ते खरे होते. एजंट झालो तेव्हा शिकवणाऱ्यांनी हिंदीत सांगितले ते पाठ केले: आग, वीज, स्फोट, दंगा. काय मिळते ते घडाघडा म्हणायला शिकलो. काय मिळत नाही ते मागच्या पानावर इंग्रजीत होते. त्या पानाचा अर्थ मला लागत नाही, हे कोणाला सांगण्याची लाज वाटली. गिऱ्हाइकांपुढे मी पानावरून बोट फिरवायचो. तुम्हाला मात्र लिहिले की कलम माहीत आहे.

म्हणून मी पायरीवरून मागे फिरलो आणि अर्ज पुन्हा देवापुढे ठेवला. मनाला समजावले की माईच्या वाटेवर गेलेल्याचे दुकान माईच राखील. ही श्रद्धा नव्हती. श्रद्धेच्या आड मी दडलो होतो. मार्गशीर्षी पौर्णिमेला तीस दिवस भरले. त्या दिवशी दत्तजयंतीच्या कीर्तनात मी पुढे बसलो होतो. आज तीस दिवस झाले, हे मला तिथे बसल्या जागी ठाऊक होते. टाळ्या वाजवत राहिलो.

आग लागल्यावरही बोललो नाही. तुम्हाला जे लिहिले त्यातले एकेक वाक्य तपासा, खोटे कुठेच सापडायचे नाही. अर्ज ऑफिसात सापडत नाही, हे खरेच होते. असे खरे लिहायला मी कुठे शिकलो कोण जाणे. नेमावरला आलो नाही, कारण ताईने तोंडाकडे पाहिले असते तर तिला कळले असते.

परवा मोनाचे पत्र घेऊन ऑफिसात गेलो. संताजी तीन दिवस रोज उशिरापर्यंत बसून जुने गठ्ठे सोडत होता. ऑगस्टात तो निवृत्त होणार. मला पाहून उठला, चहा मागवला आणि म्हणाला, की जगदेव, तू कागद ठेवलास म्हणतोस तर ठेवलाच असशील, माझ्याच हातून कुठे गेला असेल, अलीकडे डोळ्यांना कमी दिसते. मी कधी ठेवला असे म्हटलेच नव्हते. त्याने माझ्या गप्प बसण्यावरच विश्वास ठेवला होता. चहा तसाच ठेवून मी घरी आलो.

काल साहेबांना सारे लेखी दिले. अर्जही दिला, हळदकुंकवाच्या डागांसकट. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. म्हणाले, की एजंटाच्या घरी पोचलेला अर्ज कंपनीला पोचला असे धरता येत नाही, आणि आगीआधी संमती नव्हती, तेव्हा काही देता येणार नाही. संताजीची नोटीस मागे घेतली. माझी एजन्सी काढून घेतली. लोहारद्याला जाऊन त्या कारखानदाराला मात्र आधी सांगून आलो. तो म्हणाला, की इतकी वर्षे झोपला होतात का. मी हो म्हटले.

माझ्या वाटणीचे हाटपिपल्याचे शेत तुमच्या नावे करण्याची इच्छा आहे. नाही म्हणू नये.

लोभ असावा, असे लिहिण्याची जागा मी स्वतः घालवली. ती कोरी सोडतो.

जगदेव


॥ श्री ॥
ग्वारीघाट, जबलपूर, ता. २४ फेब्रुवारी १९९८

जगदेवराव,

पत्र मिळाले. चार दिवस उत्तर लिहिले नाही, कारण जे लिहिले असते ते माईच्या काठी लिहिण्याजोगे नव्हते.

अर्ज देवापुढे ठेवून तू देवाला कारकून केलेस. त्याचे ते काम नव्हते, तुझे होते.

शेत नको. दुकान माझे जळले, ते मी पाहून घेईन. पण ज्या संताजीला मी ओळखत नाही, त्याला गेला महिनाभर रोज स्नानाच्या वेळी पाण्यात उभा राहून शिव्या देत आलो. माझ्या तोंडी ते तू घातलेस. एवढे चालून मी काय मिळवले ते आता मला कळेनासे झाले आहे. त्याला वेगळे पत्र टाकून क्षमा मागितली आहे. मी न विचारताच तू त्याच्या घरचा पत्ता कळवला असतास तर बरे झाले असते. ऑफिसच्या पत्त्यावर टाकले.

इंदू चालताना पुढे पुढे जाते.

आता एक. अक्षय्य तृतीयेला मी दुकानाच्या जागेवर पत्रा टाकून बसणार. ज्यांच्या तसबिरी माझ्याकडे होत्या त्यांना त्या दिवसापासून या म्हणून मोनाकरवी निरोप दिला आहे. ते विचारतील, आमचे फोटो कुठे, आणि विमा होता तर आम्हाला काय मिळणार. त्यांना उत्तर मी देणार नाही. तू येऊन बसायचे आणि तू द्यायचे. जे मिळत नाही ते सांगायला शीक.

गोपाळराव


॥ श्री ॥
धार, ता. २ मे १९९८

चि. सौ. मोना हिस मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुला वाचायला सोपे जावे म्हणून मोठे अक्षर काढतो आहे. तू माझ्याशी बोलत नाहीस, ते बरोबर आहे. पण इथले कोणीतरी तुला कळवले पाहिजे आणि ताई म्हणाली, की तूच लिही.

मी तृतीयेला सकाळी आलो. दाजी फार वाळले आहेत. पाया पडलो तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण बोललेही नाहीत. एका उलट्या पेटीकडे बोट दाखवले. तिथे मी बसलो. ते पाठमोरे बसून पट्ट्या कापत होते. असे चार दिवस झाले.

माणसे येत राहिली. प्रत्येकाला मी उठून सांगितले, की तुमचा फोटो जळाला, दुसऱ्याच्या वस्तू या विम्यात धरलेल्या नव्हत्या, आणि दुकानाचा विमाही माझ्या चुकीने बुडाला. पहिल्या दिवशी आवाज फुटत नव्हता. बळवंतराव म्हणून पेन्शनर आहेत, ते कानाला हात लावून म्हणाले, की जोरात बोला, लाज वाटते तर वाटू द्या, ऐकू तर येऊ द्या. एक पोरगेलासा दुकानदार चिडून म्हणाला, की भिया, बीमा बेचते वक्त तो बहुत मीठे बोले होगे. एकाने सासऱ्यांचा फोटो होता म्हणून सांगितले आणि वर म्हणाला, की बायकोला तुम्हीच घरी येऊन सांगा, मी सांगितले तर तिला वाटेल मीच जाळला. ताई मागे हसली. तिला हसताना मी फार दिवसांनी ऐकले.

आज सकाळी सगुणाबाई आल्या. घरोघर पोळ्या लाटतात. त्यांच्याजवळ नवऱ्याचा एकच फोटो होता, लग्नानंतर जत्रेत काढलेला. मी नेहमीसारखे सांगितले. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, की कंपनी दुसरा फोटो देऊ शकली असती का. मी म्हटले, नाही, तो कुठल्याच विम्यात मिळाला नसता. मग म्हणाल्या, की तुमचे अक्षर चांगले दिसते, मी सांगते तसे लिहून द्या. मला आता दिसते आहे तोवर लिहा, पुढे मीही विसरेन.

मी लिहिले. माणूस उभा आहे. डोक्याला पांढरा फेटा आहे, तो फोटोवाल्याचा. हसू आवरत नाही म्हणून ओठ दाबलेले आहेत. पायात वहाणा नव्या आहेत, फोटोत दिसाव्यात म्हणून एक पाय पुढे आहे. बाईच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, तेवढ्यात फोटो निघाला. हात मधेच राहिला आहे.

दाजींचा करवतीचा आवाज केव्हा थांबला ते मला कळले नाही. ते माझ्यामागे उभे राहून वाचत होते. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, की डावीकडे समास जास्त सोड, नाहीतर अक्षर चौकटीखाली जाईल.

मी दुसरा कागद घेतला.

कळावे. तुझा लोभ मागण्याचा धीर आज होत नाही. तुला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढा दे.

तुझा मामा,
जगदेव